कोल्हापूरहून सेंट मेरी बेटावर जाताना

कर्नाटकातील उडुपीजवळ मल्पे नावाचे मासेमारीचे बंदर आहे. तेथून समुद्रात सहा-सात किलोमीटरवर सेंट मेरी या नावाने ओळखली जाणारी लहान बेटे आहेत आणि त्यांच्यावर, लाव्हा थंड होताना तयार झालेले, बहुकोनी दगडी खांब शेजारी शेजारी उभे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. कोल्हापूरहून तीन दिवसांची सवड काढली तर हे बेट नीट पाहून परत येता येते. हा लेख अशा मंडळींसाठी आहे जी पहिल्यांदाच तेथे जात आहेत, ज्यांनी भूगर्भशास्त्राचा अभ्यास केलेला नाही, पण बोटीचे तिकीट काढून चार छायाचित्रे घेऊन परतण्यापेक्षा त्या दगडाची थोडी ओळख करून घ्यावी असे ज्यांना मनापासून वाटते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. आम्ही भर दुपारी, भरतीच्या वेळी बेटावर उतरलो, खांबांचे फक्त माथे पाण्याबाहेर होते, दगड तापलेला होता, आणि मिळालेला तासभर सावली शोधण्यात आणि सगळ्यांना एका चौकटीत बसवण्यात गेला. परतीच्या बोटीत बसल्यावर लक्षात आले की एकाही खांबाला आपण हात लावलेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना त्या दोन फेऱ्यांमधल्या फरकातून आलेल्या आहेत.

पहिले पाऊल: घरचा दगड आधी पाहावा

तयारीची सुरुवात बॅग भरण्यापासून न करता आपल्याच जिल्ह्यातल्या एका भेटीपासून करावी, असा माझा आग्रह आहे. पन्हाळा तालुक्यात बांदिवडे गावाजवळ स्तंभाकार बेसाल्ट, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या कातळाचे खांब, आहेत. डोंगराच्या कुशीत दगडी खांब एकमेकांना टेकून उभे केल्यासारखे दिसतात. एक रविवार सकाळी तेथे जाऊन यावे. वाट विचारायला गावातल्या माणसांइतका दुसरा आधार नाही, आणि कोणाच्या रानातून जायचे झाल्यास आधी परवानगी मागावी. तेथे जाणे जमलेच नाही तर निदान पन्हाळ्याच्या वाटेवर थांबून एवढे तरी पाहावे की गडाच्या माथ्यावरचा तांबडा, सच्छिद्र दगड म्हणजे जांभा आणि त्याच्या खाली डोंगराचे सगळे अंग काळ्या कातळाचे. हाच काळा कातळ आपल्या अंबाबाईच्या देवळात आहे, जोतिबाच्या देवळात आहे, खिद्रापूरच्या कोपेश्वरात आहे. रंकाळा मुळात दगडाची खाण होता, असेही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

हा सगळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जे लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, त्यांचा आहे. सेंट मेरी बेटांवरचा दगड याहून जुना, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपला सह्याद्री घडायला सुरुवात होण्याच्या सुमारे दोन कोटी वर्षे आधी बेटांवरचे खांब थंड होऊन उभे राहिले होते. त्या काळात भारत आणि मादागास्कर हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते आणि ते विलग होत असताना पृथ्वीच्या पोटातून जो लाव्हा वर आला, त्याचाच हा अवशेष असल्याचे मानले जाते. बेटावर उभे राहून पश्चिमेकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे: आज हजारो किलोमीटर दूर असलेली ती भूमी एके काळी या किनाऱ्याला लागून होती.

दोन्ही ठिकाणच्या दगडांत आणखी एक फरक आहे. आपला बेसाल्ट काळा, जड आणि सिलिका (वाळूत मुख्यतः असते ते द्रव्य) कमी असलेला. बेटावरचा खडक रायोलाइट-डेसाइट प्रकारचा, म्हणजे सिलिका जास्त असलेला आणि ताजा तुटलेला भाग पाहिला तर रंगाने फिका. वरची कातडी मात्र खारा वारा आणि ऊन खाऊन तपकिरी-काळी झालेली असते. म्हणून लांबून पाहणाऱ्याला तो आपल्याच काळ्या पाषाणासारखा वाटतो, आणि अनेक ठिकाणी त्याला सरसकट बेसाल्ट म्हटलेलेही आढळते.

दुसरे पाऊल: खांब कसे झाले ते समजून घ्यावे

हा भाग घरी बसून वाचावा. बेटावर वारा आणि लाटांच्या आवाजात कोणी समजावून सांगत असले तरी डोक्यात शिरत नाही.

उन्हाळ्यात शिरोळकडच्या काळ्या रानात किंवा पंचगंगेचा पूर ओसरल्यावर राहिलेल्या गाळात भेगा पडलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. गाळातले पाणी उडून जाते, गाळ आक्रसतो, पण खालच्या थराला चिकटलेला असल्यामुळे तो सगळाच्या सगळा एका बाजूला सरकू शकत नाही. मग ताण असह्य होतो आणि तो जागोजागी फाटतो. लाव्ह्याचे असेच होते, फक्त तेथे पाणी उडण्याऐवजी उष्णता निघून जात असते. लाव्ह्याचा जाड थर वरून हवेमुळे आणि खालून जमिनीमुळे निवू लागतो, घट्ट झालेला भाग आणखी निवताना आक्रसतो आणि पृष्ठभागावर भेगांचे जाळे तयार होते. आतला लाव्हा जसजसा निवत जातो तसतशा या भेगा आत आत उतरत जातात, आणि सगळ्या बाजूंनी उतरलेल्या भेगांच्या मध्ये जो दगड उरतो, तोच खांब.

षटकोनच का, हा प्रश्न लहान मुले हमखास विचारतात आणि तो योग्यच आहे. सुरुवातीला पृष्ठभागावरच्या भेगा वेड्यावाकड्या असतात, एक भेग दुसरीला काटकोनात जाऊन मिळते. पण त्या आत उतरत असताना हळूहळू आपली जागा बदलतात, आणि तीन भेगा एका ठिकाणी सारख्या कोनांत, म्हणजे सुमारे १२० अंशांत मिळाल्या की ताण सगळीकडून सारखा सुटतो. ज्या जाळ्यात प्रत्येक सांध्याला असे तीन सारखे कोन असतात, ते जाळे षटकोनांचे होते. प्रत्यक्षात लाव्हा सगळीकडे एकसारखा निवत नाही, म्हणून बेटावर पाच बाजूंचे, सात बाजूंचे, क्वचित चार बाजूंचे खांबही सापडतात. त्यात चूक काही नाही, आणि ते शोधणे हीच तेथली खरी मौज आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुरे. लाव्हा सावकाश निवला तर खांब जाड होतात, भराभर निवला तर बारीक. आणि खांब नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात उभे राहतात. त्यामुळे एखादा खांब तिरका असेल तर तो नंतर कलला असेलच असे नाही, तेथे निवणारा पृष्ठभागच उतरता असण्याची शक्यता असते.

तिसरे पाऊल: महिना, तिथी आणि वेळ ठरवावी

पावसाळ्यात बेटावर बोटी जात नाहीत. जून ते सप्टेंबर हे महिने सरळ सोडून द्यावेत. ऑक्टोबरपासून मेपर्यंत वाहतूक सुरू असते, तरी माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले: हवा कोरडी, समुद्र शांत आणि दगड फारसा तापत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्र पुरता निवळलेला नसतो आणि बोट रद्द होऊ शकते. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी टाळता आली तर टाळावी. रांगेत दोन तास जातात आणि बेटावर पाय ठेवायला जागा नसते.

त्यानंतर तिथी पाहावी. कोकणातले लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास येतो, असा त्यांचा आडाखा आहे. हा आडाखा मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्याचा असल्यामुळे मल्प्याला वेळ पुढेमागे होते, म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलवर मल्पे किंवा मंगळूरचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्यावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढ-उतार कमी होते. दक्षिणेकडे मुंबईइतकी मोठी भरती येत नाही, तरीही खांबांचे पाय उघडे पडलेले पाहायचे असतील तर सकाळी ओहोटी असलेला दिवस निवडावा. घरातल्या पंचांगाचा असा उपयोग आपण फारसा करत नाही, पण प्रवासाची तारीख ठरवताना तो अगदी नेमका होतो.

वेळेबाबत एकच सांगणे: सकाळची पहिली बोट. गर्दी कमी असते, दगड गार असतो, आणि तिरप्या उन्हात खांबांवरच्या आडव्या रेघा उठून दिसतात. दुपारी बाराच्या उन्हात त्याच रेघा नाहीशा झाल्यासारख्या वाटतात.

चौथे पाऊल: कोल्हापूरहून मल्प्यापर्यंत

स्वतःच्या वाहनाने जायचे झाल्यास कागल, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर असे करत बेळगाव, तेथून कित्तूरवरून धारवाड-हुबळी, हुबळीनंतर कलघटगी आणि यल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोला, आणि अंकोल्यापासून किनाऱ्याच्या महामार्गाने कुमटा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर, उडुपी असा हा रस्ता आहे. अंतर ढोबळमानाने पाचशे किलोमीटर. चहापाणी धरून दहा-अकरा तास लागतात, म्हणून पहाटे पाचला निघावे आणि यल्लापूरच्या पुढचा जंगलातला घाट उजेडात उतरावा. किनाऱ्याच्या महामार्गावर अंकोल्याजवळ शिरूर येथे जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून मनुष्यहानी झाली होती आणि रस्ता बंद पडला होता. पावसाळ्यात हा प्रवास न करण्याचे तेही एक कारण आहे. कुंदापूरच्या अलीकडे मरवंते येथे रस्त्याच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी असा थोडा पट्टा लागतो, तेथे दहा मिनिटे थांबावे. कुंदापूरजवळचेच बसरूर म्हणजे शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६५ मध्ये आरमार घेऊन ज्यावर स्वारी केली ते बंदर. मालवणहून समुद्रमार्गे महाराज इतक्या दक्षिणेला आले होते, हे त्या रस्त्याने दिवसभर गाडी चालवल्यावर वेगळ्याच अर्थाने समजते.

रेल्वेने जायचे असेल तर कोल्हापूरची लाइन कोकण रेल्वेला जोडलेली नाही हे लक्षात घेऊन आंबा घाटातून रत्नागिरी गाठावी लागते. मत्स्यगंधा एक्स्प्रेस रत्नागिरी आणि उडुपी या दोन्ही स्थानकांवर थांबते आणि प्रवास रात्रीचा होतो. आरक्षण मात्र बरेच आधी करावे. पुण्याहून मंगळूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या खासगी बसही कोल्हापूरवरून जातात. वयस्कर मंडळी सोबत असतील तर मी रेल्वेच सुचवेन.

मुक्काम उडुपीत करावा की मल्प्यात, हा आवडीचा प्रश्न आहे. दोन्हींमध्ये सहा किलोमीटरचे अंतर आहे आणि बस, रिक्षा सतत मिळतात. उडुपीत राहिल्यास संध्याकाळी श्रीकृष्ण मठात दर्शन होते आणि जेवणाची चिंता राहत नाही. बोलण्याची अडचण फारशी येत नाही: तेथे तुळू, कन्नड आणि कोकणी बोलतात, हिंदी समजते, आणि आपण सावकाश मराठी बोललो तर कोकणी बोलणारा माणूस उत्तर देतो. बोटीवरच्या माणसांना दादा म्हणण्याऐवजी तिकडच्या रीतीने अण्णा म्हणावे. दोन शब्द जास्त सांगतात.

पाचवे पाऊल: बरोबर काय घ्यावे

पायात काय घालावे हे सर्वांत महत्त्वाचे. आपले कोल्हापुरी पायताण कितीही आवडते असले तरी ते खोलीवरच ठेवावे. खाऱ्या पाण्याने चामडे खराब होते आणि गुळगुळीत तळवा ओल्या दगडावर क्षणभरही टिकत नाही. मागे पट्टा असलेली, खाचांच्या रबरी तळव्याची सँडल किंवा जुने कापडी बूट घालावेत. अनवाणी तर अजिबात चालू नये, कारण पाण्याच्या रेषेजवळच्या दगडांना कालवे, म्हणजे शिंपल्यातले समुद्री जीव, चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पातीसारख्या धारदार असतात. आमच्यातल्या एकाने तोल सावरण्यासाठी अशा दगडावर नुसता हात टेकला आणि तळहात आडवा कापला गेला. सोबत पट्टी आणि जंतुनाशक होते म्हणून भागले.

पिण्याचे पाणी माणशी किमान एक लिटर, शक्यतो स्टीलच्या बाटलीत. बेटावर वस्ती नाही आणि सोयी मोजक्याच आहेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाद्यपदार्थ आणि मद्य यांवर निर्बंध असून सामान तपासले जाते, त्यामुळे डबा घेऊन पंगत मांडण्याचा बेत करू नये. नाश्ता मल्प्यात उरकावा, पण पोट गच्च भरून बोटीत बसू नये. टोपी, जुना टॉवेल, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. आणि तीन वस्तू ज्या बहुतेक जण नेत नाहीत: खिशात मावणारी वही, शिसपेन्सिल आणि साधे भिंग.

सहावे पाऊल: बोट

बोटी मल्पे बंदरातून आणि मल्प्याच्या पुळणीवरूनही सुटतात. बंदरातली बोट मोठी आणि हेलकावे कमी खाणारी असते. पुळणीवरची लहान, वेगवान असते. तिकीट जाण्यायेण्याचे मिळून असते, दर हंगामानुसार बदलतात, आणि पुरेशी माणसे जमल्याशिवाय बोट हलत नाही, म्हणून सकाळी नऊच्या आधीच तेथे हजर राहावे. प्रवास वीस ते तीस मिनिटांचा. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि त्याचे बंद आपल्या हाताने ओढून पाहावेत, विशेषतः मुलांचे; मुलाच्या अंगावर मोठ्या माणसाचे जॅकेट अडकवून दिले तर ते बदलून मागण्यात संकोच करू नये.

तिकीट घेतानाच दोन प्रश्न विचारावेत: बेटावर किती वेळ मिळेल, आणि शेवटची बोट किती वाजता परतते. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही. मोठी बोट कधी कधी बेटाच्या जरा अलीकडे थांबते आणि तेथून छोट्या होडीत उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे आधी विचारात घ्यावे, कारण हलत्या बोटीतून पाऊल टाकताना हाताला धरणारे कोणी तरी लागते.

सातवे पाऊल: बेटावर उतरल्यावर

आपण उतरतो ते नारळी बेट, चारांपैकी लोकांच्या येण्याजाण्याचे; उरलेल्यांत उत्तर बेट, दर्याबहादूरगड आणि दक्षिण बेट यांची गणना होते. लांबी साधारण अर्धा किलोमीटर, रुंदी शंभर मीटर, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नाही. १४९८ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याने येथे सांता मारियाच्या नावाने स्तंभ उभारला आणि त्यावरून बेटाला हे नाव पडले, असे सांगतात. काठावर वाळूपेक्षा शिंपल्यांचाच खच जास्त आहे आणि चालताना पायाखाली त्यांचा करकर आवाज येत राहतो. शिंपले आणि दगडाचे तुकडे उचलून आणू नयेत; रोज शेकडो माणसे येतात आणि प्रत्येकाने मूठभर नेले तर काय उरेल याचा हिशोब कोणालाही करता येईल.

उतरल्याबरोबर बहुतेक लोक पहिल्याच खडकाशी थांबतात. आपण तेथे न थांबता काठाकाठाने पुढे जावे, एक पूर्ण फेरी मारावी आणि मग ज्या ठिकाणी खांब सर्वांत स्पष्ट दिसले तेथे परत येऊन बसावे. काही खांब सहा मीटरपर्यंत उंच आहेत, म्हणजे दोन मजली घराएवढे, आणि काही ठिकाणी त्यांचे नुसते माथे फरसबंदीसारखे पायाखाली येतात. हे दोन्ही प्रकार आवर्जून पाहावेत: एका ठिकाणी खांबाची बाजू वाचता येते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा आडवा छेद.

फरसबंदीच्या जागी खाली बसून दहा खांब निवडावेत आणि प्रत्येकाच्या बाजू मोजून वहीत लिहाव्यात. मग रुंदी वितीने मोजावी. हे काम मुलांकडे सोपवले तर ती रमून जातात आणि पाण्याकडे धावतही नाहीत. माझ्या वहीतल्या दहांपैकी पाच षटकोनी, चार पंचकोनी आणि एक सात बाजूंचा निघाला. त्या सात बाजूंच्या खांबाची एक बाजू इतकी आखूड होती की दोनदा मोजल्याशिवाय ती ध्यानात आली नाही. एका खांबाचा माथा किंचित खोलगट होता, त्यात ओंजळभर समुद्राचे पाणी साचून आटले होते आणि कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मध्ये नखाएवढा खेकडा, माझी सावली पडताच फटीत शिरला.

त्यानंतर उभ्या खांबांकडे वळावे आणि त्यांच्या बाजूवरून सावकाश हात फिरवावा. पृष्ठभाग सपाट लागत नाही. एक-दोन बोटांपासून चार बोटांपर्यंत रुंदीचे आडवे पट्टे, एकावर एक, जिन्याच्या अगदी बारीक पायऱ्यांसारखे लागतात. भेग एका झटक्यात वरपासून खालपर्यंत गेली नाही. ती थोडी पुढे गेली, थांबली, आतला दगड आणखी निवल्यावर पुन्हा थोडी पुढे गेली, आणि प्रत्येक थांब्याची खूण तेथे राहिली. आपण बोटांनी जे चाचपतो ते दगडाच्या निवण्याचे टप्पे आहेत. माझ्या दृष्टीने संपूर्ण सहलीतले हे पाच मिनिटांचे काम सर्वांत मोलाचे आहे, आणि छायाचित्रात ते मावत नाही.

भिंग आणले असेल तर जेथे दगडाचा कोपरा तुटून आतला फिका रंग दिसतो तेथे धरावे. बारीक पिठासारख्या पार्श्वभूमीवर पांढुरके ठिपके दिसतील. ते फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक, लाव्हा जमिनीवर येण्यापूर्वीच त्यात तयार झालेले. यासाठी दगड फोडू नये, तुटलेला कोपरा शोधला की सापडतो. शेवटी जरा दूर जाऊन सगळ्या समूहाकडे पाहावे आणि कोणते खांब सरळ आहेत, कोणते कललेले आहेत, जाड कुठे आहेत आणि बारीक कुठे, हे वहीत साध्या रेघांनी काढावे. चित्र चांगले येण्याची गरज नाही. काढण्यासाठी आपण जितका वेळ पाहतो, तितका वेळ एरवी पाहत नाही.

सुरक्षिततेबाबत

हा किनारा खडकाळ आहे आणि खडकांमधले पाणी वरून दिसते त्याहून खोल असते. एप्रिल २०२२ मध्ये केरळमधून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी तिघे या बेटावर बुडून मरण पावले. म्हणून जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की का, कशाला, असे न विचारता मागे यावे, आणि जेथे पाण्यात उतरण्यास मनाई आहे तेथे घोट्याएवढ्या पाण्यातही उभे राहू नये. आपल्याकडची मुले पंचगंगेत, विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना पाण्याची भीती नसते, हे चांगलेच आहे. परंतु नदीच्या पाण्यात पोहणे आणि दगडावर आपटणाऱ्या लाटेतून बाहेर येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लाट माणसाला आत ओढण्याआधी दगडावर आपटते.

दगडाचा रंग पाहून पाऊल टाकावे. कोरडा तपकिरी दगड पकड देतो. हिरवट किंवा काळपट चकाकणारा दगड म्हणजे शेवाळ, त्यावर पाय ठेवू नये. खांबांच्या टोकावर चढून, समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा: मागून येणारी लाट दिसत नाही, आणि नेहमीच्या लाटांमध्ये मधूनच एखादी मोठी येते तेव्हा मागे सरकायला जागा नसते. समुद्राकडे तोंड करून उभे राहण्याची सवय गटातल्या प्रत्येकाला बोटीतच लावावी.

परतताना

बोटीत चढण्यापूर्वी सामान मोजावे, कचरा पिशवीत परत आणावा. उडुपीला पोहोचल्यावर सँडल, टॉवेल आणि कॅमेरा गोड्या पाण्याने पुसून घ्यावेत, नाही तर कोल्हापूरला येईपर्यंत मीठ धातूच्या बक्कलांना खाऊ लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तर रात्री घरी पोहोचता येते, आणि वहीतल्या नोंदी त्या रात्रीच नीट लिहून काढाव्यात.

पुढच्या रविवारी वही घेऊन पुन्हा बांदिवड्याला जावे. पहिल्या भेटीत जो नुसता दगडांचा ढीग वाटला होता, त्यात आता बाजू मोजाव्यात, रुंदी वितीने घ्यावी, आडवे पट्टे हाताने चाचपावेत, आणि बेटावरच्या दहा खांबांच्या शेजारच्या पानावर इथल्या दहा खांबांचे आकडे मांडावेत. पहिली दोन-तीन पाने भरली की सोबत नेलेले मूलच विचारू लागते की कळंब्याजवळच्या खाणीत, जोतिबाच्या पायथ्याला, गगनबावड्याच्या घाटात असे खांब असतील का. तेव्हा वही त्याच्या हातात द्यावी.